नगरसेवकपदाची निवडणूक लढवायची आहे: आधी मतदार यादी हातात घ्या

एका ब वर्ग नगरपरिषदेच्या शहरातून विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे: “माझे वय ३४ आहे, औषधांचे दुकान आहे आणि घरात राजकारणाचा वारसा नाही. डिसेंबर २०२५ च्या निवडणुकीत उभे राहायचे मनात होते, पण तयारी नसल्यामुळे राहून गेले. पुढच्या वेळी बहुधा अपक्ष म्हणून उभी राहीन. कागदपत्रे कोणती लागतात, खर्च किती येतो, प्रचार केव्हा सुरू करावा आणि पक्षाशिवाय निवडून येणे शक्य आहे का?”

मी २००६ मध्ये नगरपरिषदेची निवडणूक पहिल्यांदा लढले आणि ४१ मतांनी हरले. त्यानंतर २०११ आणि २०१६ मध्ये निवडून आले. २०२५ मध्ये स्वतः उभी न राहता तीन उमेदवारांचे कागदपत्रांचे आणि केंद्रांचे काम पाहिले. त्यामुळे पुढे जे लिहिते आहे त्यातले बरेचसे चुकून शिकलेले आहे.

तुम्ही प्रचाराबद्दल विचारले आहे, पण मी सुरुवात मतदार यादीपासून करते, कारण माझी २००६ ची निवडणूक प्रचारात नव्हे, यादीत गेली. निकालानंतर दोन दिवसांनी मी घराच्या ओसरीवर यादीचे गठ्ठे पसरून बसले आणि ज्या बोळात माझे सर्वाधिक येणे-जाणे होते त्या बोळातली नावे शोधू लागले. बोळाच्या डाव्या हाताच्या घरांची नावे आमच्या यादीत होती, उजव्या हाताच्या घरांची ६० हून अधिक नावे शेजारच्या प्रभागात गेलेली होती. हे कोणी मुद्दाम केले असे मी तेव्हाही म्हटले नाही आणि आजही म्हणत नाही. यादी फोडणाऱ्याने नकाशा न पाहता घर क्रमांकांवरून रेघ मारली, एवढेच. प्रारूप यादीवर हरकती घेण्याची मुदत होती त्या दिवसांत मी पत्रकाच्या मजकुराचे मुद्रितशोधन करीत होते. त्या घरांतल्या बायकांनी मतदानाच्या दिवशी मला सांगितले, “वहिनी, आमचं केंद्र तिकडं आलंय, तुमचं नाव तर मशीनवर नाहीच.” तोवर करण्यासारखे काही उरलेले नव्हते.

ही यादी कशी तयार होते ते समजून घ्या. नगरपरिषदेसाठी स्वतंत्र मतदार यादी बनत नाही. भारत निवडणूक आयोगाची विधानसभेची यादी एका ठरावीक तारखेला जशी असेल तशी घेतली जाते आणि ती प्रभागांमध्ये विभागली जाते. २०२५ च्या निवडणुकीसाठी ही तारीख १ जुलै २०२५ होती. याचा अर्थ असा, की ज्या मुलाला ऑगस्टमध्ये नाव नोंदवायची आठवण झाली त्याला डिसेंबरमध्ये तुम्हाला मत देता आले नाही. नवे नाव घालणे, वगळणे किंवा पत्ता बदलणे ही कामे विधानसभेच्या यादीतच करून घ्यावी लागतात. नगरपरिषदेच्या टप्प्यावर दुरुस्ती होते ती एवढीच, की मतदार चुकीच्या प्रभागात गेला असेल, विधानसभेच्या यादीत नाव असूनही प्रभागाच्या यादीतून गळले असेल किंवा लेखनिकाची चूक असेल. म्हणून यादीचे काम दोन वेळा करायचे असते: एकदा वर्षभर, नवमतदारांचे आणि लग्न होऊन आलेल्या सुनांचे अर्ज भरून, आणि दुसऱ्यांदा प्रारूप यादी प्रसिद्ध झाल्यावरच्या त्या मोजक्या दिवसांत, घरोघर पडताळणी करून.

त्या मोजक्या दिवसांची एक गंमत सांगते. गेल्या वेळी प्रभागनिहाय प्रारूप यादी ८ ऑक्टोबर २०२५ रोजी प्रसिद्ध झाली, आणि सदस्यपदांच्या आरक्षणाची सोडतही त्याच दिवशी होती. साहजिकच शहरातला प्रत्येक इच्छुक सोडतीच्या सभागृहात चिठ्ठी कोणत्या प्रवर्गाची निघते याकडे डोळे लावून बसला होता आणि नगरपरिषदेच्या फलकाजवळच्या टेबलावर यादी चाळायला जेमतेम चार-पाच माणसे होती. त्यांतली दोन आमची होती. आमच्या एका उमेदवाराच्या प्रभागात पलीकडच्या वसाहतीतली एक आख्खी इमारत येऊन पडली होती आणि आमची एक चाळ बाहेर गेली होती. आम्ही नकाशा, घरपट्टीच्या पावत्या आणि मतदार ओळखपत्रांच्या प्रती जोडून लेखी हरकत दिली, पोच घेतली, आणि अंतिम यादीत दुरुस्ती झाली. तो उमेदवार तीन आकडी मतांनी निवडून आला, म्हणजे त्या चाळीविनाही आला असता. पण हे आधी कोणाला ठाऊक असते?

याद्यांमध्ये दुबार नावांचा प्रश्नही असतो. गेल्या वेळी राज्य निवडणूक आयोगाने संभाव्य दुबार मतदारांच्या नावापुढे दोन तारे छापले होते, आणि अशा मतदाराकडून तो कोणत्या एका केंद्रावर मत देणार हे लिहून घेण्याची व्यवस्था केली होती. अशी नावे बहुधा एकाच नावाच्या दोन वेगळ्या माणसांचीही असतात. आमच्या भागात एकाच आडनावाची भावकी मोठी आणि आजोबांचे नाव नातवाला ठेवण्याची रीत, त्यामुळे तारे खूप पडले. अशा घरी आधी जाऊन प्रकार समजावून सांगितला नाही, तर केंद्रावर कोणी काही विचारले की माणूस ओशाळून मत न देताच परत फिरतो.

आता प्रभागाच्या रचनेकडे वळते, कारण अपक्षाची शक्यता तिच्यावर अवलंबून आहे. नगरपंचायतीत एका प्रभागातून एकच सदस्य निवडला जातो. नगरपरिषदेत साधारणपणे दोन, आणि सदस्यसंख्या विषम असेल तर एखाद्या प्रभागात तीन. शिवाय नगराध्यक्षाची निवड थेट मतदारांतून होत असल्यामुळे मतदाराला दोन सदस्यांच्या प्रभागात एकूण तीन मते द्यायची असतात. येथे नवख्या उमेदवारांचा नेहमी एक गैरसमज होतो. त्यांना वाटते, प्रभागातल्या सगळ्या उमेदवारांपैकी जास्त मते मिळवणारे पहिले दोघे निवडून येतात. तसे नाही. ‘अ’ जागा वेगळी आणि ‘ब’ जागा वेगळी असते. तुमची लढत फक्त तुमच्या जागेवरच्या उमेदवारांशी असते, आणि ‘अ’ जागेवर हजार मते घेऊन एखादी हरते तेव्हाच ‘ब’ जागेवर आठशे मते घेऊन दुसरी निवडून येते.

याचा अपक्षाला तोटा आहे आणि फायदाही आहे. तोटा असा, की पक्षाचे पॅनेल मतदाराला तिन्ही बटणांसाठी एकच चिन्ह सांगते, आणि ते लक्षात ठेवायला सोपे असते. फायदा असा, की एकाच पक्षाचे तिन्ही उमेदवार सारख्याच तोलामोलाचे क्वचित असतात. बहुतेक पॅनेलमध्ये एक नाव जड असते आणि दुसरे कोणाच्या तरी शब्दाखातर घेतलेले असते. तुम्ही त्या हलक्या नावासमोरची जागा निवडली, तर मतदाराला आपला पक्ष न सोडताही तुम्हाला मत देता येते. २०१६ मध्ये मी प्रत्येक घरी हेच सांगत होते: “नगराध्यक्ष तुमच्या मनाचा, एक नगरसेवक तुमच्या पक्षाचा, आणि एक मत मला द्या.” या एका वाक्याने जेवढे दरवाजे उघडले तेवढे माझ्या छापील पत्रकाने उघडले नाहीत. मात्र त्यासाठी जागा निवडण्याची मुभा हवी. महिला म्हणून तुम्हाला महिला राखीव जागेवरही उभे राहता येईल आणि सर्वसाधारण जागेवरही. सोडतीनंतर दोन्ही जागांवर कोण येते आहे ते पाहूनच ठरवा, मैत्रिणींच्या आग्रहावरून नको.

आकडे साधे असतात. आमच्या प्रभागात सुमारे साडेतीन हजार मतदार आहेत. सत्तर टक्के मतदान झाले तर अडीच हजारांच्या आसपास मते पडतात. तुमच्या जागेवर चार उमेदवार असतील तर नऊशे ते हजार मतांत निकाल लागतो. म्हणजे साधारण तीनशे घरे. तीनशे घरांत वर्षातून दोनदा जाऊन बसणे, आजारपण आणि दहावीचा निकाल यांची चौकशी करणे, रेशनकार्डावरचे नाव किंवा नळजोडणीचा अर्ज पुढे सरकवणे, हे चार वर्षांत एका माणसाला सहज जमते. शेवटच्या सहा दिवसांत दहा माणसांनाही जमत नाही. तुमचे औषधांचे दुकान आहे, ही मोठी जमेची बाजू आहे. रात्री अकरा वाजता शटर उघडून दिलेले तापाचे औषध लोक विसरत नाहीत. पण दुकानाची उधारी निवडणुकीच्या वर्षात वसूल करायला काढू नका, हेही ओघात सांगून ठेवते.

सहा दिवस म्हणाले, ते अतिशयोक्तीने नव्हे. २०२५ च्या कार्यक्रमात नामनिर्देशनपत्रे १० ते १७ नोव्हेंबर या काळात भरायची होती, छाननी १८ नोव्हेंबरला होती, चिन्हे २६ नोव्हेंबरला मिळाली आणि मतदान २ डिसेंबरला होते. पक्षाच्या उमेदवाराचे चिन्ह लोकांना वर्षानुवर्षे ठाऊक असते. अपक्षाला मुक्त चिन्हांतून जे मिळेल ते घेऊन त्याच रात्री छपाई करायची आणि सहा दिवसांत ते साडेतीन हजार लोकांच्या डोळ्यांपुढे आणायचे असते. म्हणून चिन्हाची पसंती भरताना घरात वापरातली, एका शब्दात सांगता येणारी आणि लहान आकारातही ओळखू येणारी वस्तू निवडा. छापखान्याशी आधीच बोलून ठेवा, मजकूर तयार ठेवा आणि चिन्हापुरती जागा मोकळी सोडा. छापील साहित्यावर मुद्रक आणि प्रकाशकाचे नाव, पत्ता आणि प्रतींची संख्या असलीच पाहिजे.

कागदपत्रांबद्दल तुम्ही यादी मागितली आहे. यादी निवडणूक निर्णय अधिकाऱ्याच्या कार्यालयात मिळतेच, त्यामुळे मी फक्त जेथे माणसे अडकतात त्या जागा सांगते. उमेदवाराचे वय २१ पूर्ण हवे आणि नाव त्या नगरपरिषदेच्या मतदार यादीत हवे. ते त्याच प्रभागात असले पाहिजे असे नाही, पण सूचक, म्हणजे तुमचे नाव सुचवून अर्जावर सही करणारे, मात्र त्या प्रभागातले मतदार लागतात. अपक्षाला पक्षाच्या उमेदवारापेक्षा जास्त सूचक लागतात, आणि सूचकांपैकी एखादा अनुक्रमांक चुकीचा लिहून बसतो. सूचकांच्या सह्या घेण्यापूर्वी अंतिम यादीतला त्यांचा भाग क्रमांक आणि अनुक्रमांक स्वतः डोळ्यांनी पाहा. तिथेही यादीच.

१२ सप्टेंबर २००१ नंतर जन्मलेल्या अपत्यामुळे हयात अपत्यांची संख्या दोनपेक्षा जास्त झाली असेल, तर उमेदवारी टिकत नाही. नगरपरिषदेची थकबाकी नसल्याचा दाखला घ्या, आणि तो घेताना घराची, दुकानाची, पाणीपट्टीची आणि गाळा भाड्याने असेल तर त्याची, अशी चारही खाती तपासा. नगरपरिषदेच्या कामात तुमचा किंवा भागीदाराचा ठेक्यात हितसंबंध असेल तर तो आधीच मोकळा करा. शहरातल्या सरकारी दवाखान्याला किंवा नगरपरिषदेच्या आरोग्य विभागाला तुमच्या दुकानातून औषधे पुरवली जात असतील, तर या मुद्द्यावर वकिलाचा सल्ला लेखी घ्या. अनधिकृत बांधकाम हा दुसरा सापळा आहे. स्वतः, जोडीदाराने किंवा अवलंबून असलेल्या व्यक्तीने केलेले बेकायदा बांधकाम निवडून आल्यानंतरही सदस्यत्व घालवू शकते, आणि विरोधक निकालाच्या दुसऱ्या दिवशी टेप घेऊन तुमच्या गॅलरीखाली उभा राहतो. राखीव जागेवरून लढणार असाल तर जातवैधता प्रमाणपत्र, किंवा ते नसल्यास पडताळणी समितीकडे अर्ज केल्याचा पुरावा आणि मुदतीत प्रमाणपत्र देण्याचे हमीपत्र लागते. ते मुदतीत आले नाही तर निवड रद्द होते. गावोगावी पोटनिवडणुका लागतात त्यांतल्या पुष्कळ याच कारणाने लागतात, तेव्हा तुमची संधी पाच वर्षांच्या आतही येऊ शकते. म्हणूनही यादी आणि कागद तयार ठेवावेत.

शपथपत्रात मालमत्ता, कर्ज, शिक्षण आणि गुन्ह्यांची माहिती द्यावी लागते. येथे एक गोष्ट घट्ट लक्षात ठेवा: कोणताही रकाना कोरा सोडू नका. लागू नसेल तेथे ‘निरंक’ किंवा ‘लागू नाही’ असे लिहा. कोरे रकाने ठेवलेले शपथपत्र मतदाराच्या माहितीच्या हक्काला बाधा आणते, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये स्पष्ट केले आहे, आणि भरून देण्याची सूचना मिळूनही रकाना कोरा राहिला तर अर्ज नामंजूर होऊ शकतो. २०१६ च्या छाननीचे दृश्य मला अजून आठवते. तहसील कचेरीतले लांब टेबल, पंख्याच्या वाऱ्याने उडू नयेत म्हणून कागदांवर ठेवलेला स्टेपलर, आणि माझ्या विरोधकाच्या वकिलाने माझ्या शपथपत्राच्या शेवटच्या पानावर ठेवलेले बोट. पतीच्या नावावरच्या जुन्या दुचाकीची किंमत लिहायची राहिली, असा त्याचा आक्षेप होता. दुचाकी तीन वर्षांपूर्वी विकलेली होती आणि नावावरून उतरल्याचा कागद माझ्या पिशवीत होता. तो कागद त्या दिवशी पिशवीत का होता, याचे उत्तर २००६ च्या पराभवात आहे. छाननीला जाताना सगळे मूळ कागद बरोबर न्या, शक्य झाले तर एकापेक्षा अधिक नामनिर्देशनपत्रे भरा, आणि शेवटच्या दिवसाची वाट पाहू नका.

अर्ज नामंजूर झाला, किंवा प्रतिस्पर्ध्याचा अर्ज मंजूर होण्यावर आक्षेप असेल, तर जिल्हा न्यायालयात अपील करता येते, पण मुदत अगदी कमी असते. गेल्या वेळी काही ठिकाणी अशा अपिलांचे निकाल उशिरा लागले, तेथले मतदान २० डिसेंबरला घेतले गेले, आणि उच्च न्यायालयाच्या आदेशाने साऱ्या राज्याची मतमोजणी २१ डिसेंबरपर्यंत थांबली. १९ दिवस मशीन बंद खोलीत आणि उमेदवार खोलीबाहेर, अशी ती परिस्थिती होती. तेव्हा छाननीच्या दिवशी उपलब्ध असेल असा वकील महिनाभर आधी ठरवून ठेवा. शहरात निवडणूक कायदा जाणणारे वकील दोन-तीनच असतात आणि पक्ष त्यांना आधीच बांधून ठेवतात.

खर्चाचे आता स्पष्ट लिहिते. राज्य निवडणूक आयोगाने २०२५ साठी ठरवलेली सदस्यपदाची मर्यादा अ वर्ग नगरपरिषदेत ५ लाख, ब वर्गात ३ लाख ५० हजार, क वर्गात २ लाख ५० हजार आणि नगरपंचायतीत २ लाख २५ हजार रुपये होती. तुमच्या शहरासाठी पुढच्या वेळी ती बदलेलही, पण अंदाज बांधायला एवढे पुरे. कायदेशीर खर्च या मर्यादेच्या निम्म्यात सहज बसतो. छपाई, एक रिक्षा आणि ध्वनिक्षेपक, कार्यालयाचे भाडे, मंडप, चहा-नाश्ता आणि मतदानाच्या दिवशीची केंद्राबाहेरची टेबले, एवढीच त्याची मुख्य कलमे असतात. चहा, वडापाव, खुर्ची, मंडप या प्रत्येकाची दरसूची प्रशासन ठरवते. तुम्ही मित्राच्या हॉटेलातून चहा फुकट आणलात तरी हिशेबात तो त्या दराने धरला जातो. स्वतंत्र बँक खाते उघडा, रोजचा खर्च रोज लिहा. हिशेबाची वही सांभाळायला घरातलाच, पण प्रचाराला न जाणारा माणूस ठेवा. माझी वही माझ्या जाऊबाई लिहीत, आणि त्यांनी “ही पावती कोणाची?” असे विचारल्याशिवाय एकही कागद फाइलला लावला नाही.

बेकायदा खर्चाबद्दल तुम्ही विचारले नाही, पण विचारायचे होते असे प्रश्नाच्या रोखावरून वाटते. पैशांची पाकिटे वाटली जातात. शेवटच्या दोन रात्रींत काही गल्ल्यांत दिवे उशिरापर्यंत चालू असतात, हे शहरात कोणालाच नवीन नाही. माझा अनुभव असा आहे, की पाकिटांनी निवडणुका जिंकल्या जातात त्यापेक्षा, पाकिटे वाटणाऱ्याकडे ज्या घरांशी दुसरा कोणताच संबंध नसतो ती घरे त्याला पाकिटांनी मिळतात. संबंध असलेली घरे पाकीट घेऊनही आपल्याच माणसाला मत देतात, आणि हे वाटणाऱ्यालाही ठाऊक असते. तुम्ही या स्पर्धेत उतरलात तर हरालच, कारण तुमच्यापेक्षा जास्त पैसा असलेला कोणीतरी नेहमी असतो, आणि पकडला जाणाऱ्यांत पहिला क्रमांक बिनपक्षाच्या माणसाचा लागतो. ज्या गल्ल्यांत हे चालते तेथे चार वर्षे आधी जाणे, एवढाच उपाय मला सापडला.

पक्ष की अपक्ष, याचा निर्णय शेवटच्या आठवड्यावर टाकू नका. एबी फॉर्मच्या, म्हणजे पक्षाच्या अधिकृत उमेदवारीच्या पत्राच्या, आशेवर बसलेला माणूस शेवटच्या दिवशी दुपारी तीन वाजेपर्यंत फोनकडे पाहत राहतो आणि फॉर्म दुसऱ्याच्या हातात गेलेला असतो. पक्षाकडून तिकीट मागायला हरकत नाही, पण अपक्ष म्हणून लढण्याची पूर्ण तयारी हातात ठेवून मागा. तशी तयारी असलेल्याला तिकीटही लवकर मिळते. अपक्ष निवडून आलात तर एक भान ठेवावे लागेल. स्थानिक प्राधिकरणाच्या सदस्यांसाठी १९८६ चा पक्षांतरबंदी कायदा आहे, आणि अपक्ष म्हणून निवडून आल्यावर एखाद्या पक्षात प्रवेश करणे सदस्यत्वाच्या मुळाशी येते. निकालानंतर गळ्यात हार आणि खांद्यावर उपरणे घालायला लोक धावतात तेव्हा हार घ्या, उपरण्याचा विचार करा.

एक गोष्ट तुमच्या हातात नाही, ती म्हणजे प्रभागरचना आणि आरक्षणाचे चक्र. तुम्ही चार वर्षे राबलेला प्रभाग सोडतीत दुसऱ्या प्रवर्गाला जाऊ शकतो किंवा त्याच्या सीमा बदलू शकतात. गेल्या खेपेला तर ओबीसी आरक्षणाच्या न्यायालयीन वादामुळे निवडणुकाच रखडल्या. २०१६ मध्ये निवडून आलेल्या आमच्यासारख्यांची मुदत संपल्यावर बहुतेक नगरपरिषदांत जवळपास चार वर्षे प्रशासक होते, आणि सर्वोच्च न्यायालयाच्या मे २०२५ च्या आदेशानंतर मतदान झाले. म्हणून काम करताना एका प्रभागाला लागून असलेल्या दोन्ही बाजूंच्या गल्ल्याही धरा. शहराचा एखादा प्रश्न हाती घ्या, पण तो अभ्यासून. नगरपरिषदेच्या सर्वसाधारण सभा सहसा जनतेला खुल्या असतात. मागच्या बाकावर बसून वर्षभर त्या ऐका, ठरावांच्या प्रती माहितीच्या अधिकारात घ्या. नगरसेवकाच्या हातात काय आहे आणि मुख्याधिकाऱ्याच्या हातात काय, हे तेथे बसल्यावर जसे कळते तसे कोणी सांगून कळत नाही. मी पहिल्या सभेत गटाराच्या कामावरून मुख्याधिकाऱ्यांवर चढ्या आवाजात बोलले, आणि नंतर लिपिकाने हळूच दाखवले की त्या कामाच्या तरतुदीचा विषय कार्यपत्रिकेवरच नव्हता. विषय पत्रिकेवर आणायला पत्र केव्हा द्यायचे हे मला त्या दिवशी समजले.

मतदानाच्या दिवसाचे थोडक्यात. गेल्या वेळी मतदान सकाळी साडेसात ते सायंकाळी साडेपाच असे होते. प्रत्येक केंद्रावर आत बसणारा प्रतिनिधी असा हवा, जो माणसे चेहऱ्याने ओळखतो आणि दिवसभर खुर्ची सोडत नाही. गप्पिष्ट कार्यकर्ता तेथे नको. बाहेरच्या टेबलावर यादी, मोजपट्टी आणि दोन रंगांची पेने ठेवा. मत देऊन गेलेल्याच्या नावावर मोजपट्टी धरून रेघ मारायची, आणि आपल्या तीनशे घरांपैकी कोण अजून आले नाही ते दुपारी एक वाजता पहिल्यांदा आणि तीन वाजता दुसऱ्यांदा काढायचे. तीननंतर फक्त त्याच घरी माणूस पाठवायचा. म्हातारी माणसे, नुकतीच बाळंत झालेली सून, दुसऱ्या पाळीला गेलेला कामगार, ही नावे आदल्या रात्रीच वेगळ्या कागदावर लिहून ठेवा. तीन बटणे दाबायची आहेत हे मतदाराला आदल्या दोन दिवसांत नमुना दाखवून सांगितलेले असले पाहिजे. केंद्राच्या दारात ते सांगता येत नाही. गोंधळलेली आजी नगराध्यक्षाचे बटण दाबून उठते आणि तुमचे मत तिथेच राहते.

निकाल काहीही लागो, खर्चाचा हिशेब ३० दिवसांत सादर करावाच लागतो. हरलेले उमेदवार निराशेत हे विसरतात, आणि मग हिशेब न दिल्यामुळे तीन वर्षांपर्यंतची अपात्रता ओढवून घेतात. पोटनिवडणूक नेमकी त्याच काळात लागते. २००६ मध्ये हरल्यानंतर अकराव्या दिवशी मी हिशेब देऊन पोच घेतली आणि त्याच टेबलावरच्या लिपिकाकडे अंतिम मतदार यादीची प्रत मागितली. पानांमागे शुल्क भरून ती मिळते. तुमच्या शहरातही २०२५ ची यादी मिळेल. ती आणा, दुकान बंद केल्यावर रोज दहा घरे या हिशेबाने तपासा, आणि ज्या घरातली मुलगी किंवा मुलगा अठरा वर्षांचा झाला आहे पण नाव नाही, तेथून अर्ज भरायला सुरुवात करा.